कॉर्नरवर जिंकणं म्हणजे रडीचा डाव का? फुटबॉलमधलं जुनं भांडण, सोप्या भाषेत

आर्सेनल या लंडनच्या क्लबने 2023-24 च्या प्रीमियर लीग (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग) सीझनमध्ये नुसत्या कॉर्नरवरून 16 गोल मारले आणि तेव्हापासून जो वाद पेटलाय तो काही विझायचं नाव घेत नाही. एका बाजूचे म्हणतात हा कसला फुटबॉल, उंच उंच डिफेंडर बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, पाठवायचे, ढकलाढकली करायची, एक गोल झाला की सगळे मागे येऊन बसायचं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात गोल तो गोल, ट्रॉफीवर कुठे लिहिलेलं असतं का कसा मारला ते. दोन्हीकडचं ऐकून ऐकून माझं असं मत झालंय की यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती सुटी केली की निम्मं भांडण आपोआप कमी होतं, उरलेलं निम्मं मात्र खरं आहे आणि ते व्हायलाच पाहिजे.

आधी शब्द सरळ करून घेऊ. खेळ थांबतो, बॉल एका जागी ठेवला जातो आणि तिथून परत सुरू होतो, त्याला सेट-पीस म्हणतात. कॉर्नर (डिफेन्सवाल्यांनी बॉल आपल्याच गोललाइनबाहेर घालवला की मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणारी किक), फ्री किक, पेनल्टी, आणि हल्ली बॉक्सपर्यंत फेकलेला लांब थ्रो-इनही त्यातच धरतात. बाकी सगळं ओपन प्ले, म्हणजे चालू खेळात पास देत, ड्रिबल करत, धावत मारलेले गोल. एकूण गोलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश गोल सेट-पीसमधून येतात, पेनल्टी धरून. म्हणजे ही काही कडेला पडलेली गोष्ट नाहीये, खेळाचा चांगला मोठा भाग आहे, फक्त बरीच वर्षं बहुतेक टीम्सनी त्याच्यावर म्हणावी तेवढी मेहनत घेतली नव्हती.

आता गल्लत कुठे होते ते बघा. डिफेन्सिव्ह खेळणं आणि सेट-पीसवर गोल मारणं या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, जणू एकच आहेत. पण डिफेन्सिव्ह खेळणं म्हणजे मॅचमध्ये एकूणच कमी घडू देणं, समोरच्याला चान्स द्यायचे नाहीत आणि आपणही फार जोखीम घ्यायची नाही. सेट-पीस हे उलट गोल मारायचं हत्यार आहे, त्याने मॅचमध्ये चान्स वाढतात. आणि कॉर्नर काही आकाशातून पडत नाही, तुम्ही समोरच्याच्या बॉक्सपर्यंत बॉल नेलात, शॉट मारलात, क्रॉस टाकलात, त्यांनी घाबरून बाहेर घालवला, तेव्हा कॉर्नर मिळतो. जी टीम सतत अटॅक करते तिला जास्त कॉर्नर मिळतात. त्यामुळे कॉर्नरवर खूप गोल मारणारी टीम डिफेन्सिव्हच असणार हे गृहीत धरणं चूक आहे.

आणि कॉर्नर म्हणजे बॉल हवेत उडवायचा आणि देवावर भरवसा ठेवायचा असंही नसतं. आर्सेनलचाच कॉर्नर जवळून बघा. साका डावखुरा, तो उजव्या कोपऱ्यातून मारतो, राइस उजव्या पायाचा, तो डावीकडून मारतो, म्हणजे दोन्हीकडून बॉल गोलच्या दिशेने आत वळत येतो, आणि असा बॉल कुणाच्या डोक्याला नुसता चाटून गेला तरी गोल होऊ शकतो. बाकीचे पाच-सहा जण लांबच्या पोस्टच्या बाजूला घोळका करून उभे असतात, सुरुवातीला गोलपासून बरेच लांब. बॉल मारणारा हात वर करतो आणि सगळे एकदम सुटतात, पण सगळे बॉलसाठी नाही. कुणी जवळच्या पोस्टकडे पळतो म्हणजे एक डिफेंडर त्याच्यामागे खेचला जावा, कुणी मुद्दाम डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, बेन व्हाइट कीपरच्या अंगाला चिकटून उभा असतो म्हणजे कीपरला बॉलपर्यंत यायला जागाच मिळू नये, आणि या सगळ्या गोंधळातून जी एक मोकळी गल्ली तयार होते तिच्यात डिफेंडर गाब्रिएल सगळ्यात शेवटी, पूर्ण वेगात येतो. उभ्या डिफेंडरला धावत येणाऱ्या माणसाएवढी उंच उडी मारताच येत नाही, एवढं साधं त्याचं शास्त्र आहे. 15 सप्टेंबर 2024 ला टॉटेनहॅमच्या मैदानावर 64 व्या मिनिटाला साकाचा कॉर्नर, गाब्रिएलचं डोकं, मॅच 1-0. हे बसवण्यासाठी क्लबकडे वेगळा कोच आहे, निकोलस जोव्हेर, आधी ब्रेंटफर्डला होता, मग मँचेस्टर सिटीला, 2021 ला आर्सेनलने आणला.

समोरचे काय करतात? दोन पद्धती. मॅन मार्किंग म्हणजे ज्याने त्याने आपापला माणूस धरायचा, आणि झोनल म्हणजे माणूस सोडा, आपापली जागा सांभाळा, बॉल तिथे आला तर तुमचा. मॅन मार्किंगमध्ये वाटेत अडवणूक केली की तुमचा माणूस निसटतो, झोनलमध्ये तुम्ही उभे आणि समोरचा पळत येणारा. म्हणून आता बहुतेक जण दोन्हीचं मिश्रण करतात. आणखी एक बारीक गोष्ट, कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड (पास सुटताना डिफेन्सच्या पलीकडे उभं राहण्यावरची बंदी) नसतो, थ्रो-इनलाही नसतो. म्हणून तर कीपरच्या नाकासमोर जाऊन उभं राहता येतं. हे सगळं डोळ्यासमोर ठेवून बघितलं की मला तरी कॉर्नर बघायला मजा येते, आणि ज्यांना त्यात फक्त ढकलाढकली दिसते त्यांनी एकदा बॉल सोडून फक्त घोळक्याकडे बघावं असं मी मनापासून सांगेन.

बरं, मग एवढे कष्ट कशासाठी, कारण शंभर कॉर्नरमागे गोल साधारण तीन-चारच होतात. तर गोष्ट अशी आहे की फुटबॉलमध्ये गोलच इतके कमी होतात की सीझनमध्ये आठ-दहा गोल वाढले तरी टेबलमध्ये बराच फरक पडतो. आणि हे गोल स्वस्तात पडतात. दोन-तीन माणसांना चकवून गोल मारणारा विंगर विकत घ्यायला प्रचंड पैसा लागतो आणि तो सगळ्यात श्रीमंत क्लबांकडेच असतो, पण कॉर्नरची चाल कुणीही बसवू शकतो, प्रॅक्टिस लागते, चांगला किक मारणारा लागतो आणि उंच डिफेंडर लागतात, जे टीममध्ये असतातच. डेन्मार्कच्या मिट्यिलँडने 2014-15 ला पहिल्यांदा लीग जिंकली ती सेट-पीसवर भरपूर भर देऊन, तिचा तेव्हाचा मालक मॅथ्यू बेनम, आणि तोच ब्रेंटफर्डचा मालक, जो छोटा क्लब 2021 ला प्रीमियर लीगमध्ये आला आणि टिकला. ब्रेंटफर्डने तर 2025 ला आपला सेट-पीस कोच कीथ अँड्र्यूज यालाच मुख्य कोच केला. देशाच्या टीम्सचं तर आणखीच. त्यांना प्रॅक्टिसला दिवस मिळतात किती, तेवढ्यात ओपन प्लेमधली समज बसणं अवघड, कॉर्नर मात्र बसतो. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडने 12 गोल मारले, त्यातले 9 सेट-पीसचे, पेनल्टी धरून.

आता डिफेन्सिव्ह खेळण्याकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे, आणि इथे थोडं गणित केल्याशिवाय समजत नाही. समजा एक टीम दुसरीपेक्षा बरीच भारी आहे, इतकी की दोघांच्या मॅचमध्ये होणाऱ्या कुठल्याही गोलची शक्यता भारी टीमकडे तीनात दोन आणि दुबळीकडे तीनात एक. मॅचमध्ये एकच गोल होणार असेल तर दुबळी टीम जिंकायची शक्यता सरळ 33 टक्के. तीन गोल होणार असतील तर तिला त्यातले किमान दोन मारावे लागतील, शक्यता येते साधारण 26 टक्क्यांवर. पाच गोल झाले तर 21. म्हणजे मॅचमध्ये जेवढं जास्त घडेल तेवढी भारी टीम वरचढ, जेवढं कमी घडेल तेवढी दुबळ्याला आशा. (ड्रॉ वगैरे बाजूला ठेवून केलेला हिशोब आहे, पण दिशा तीच राहते.)

हे एकदा कळलं की 2004 च्या युरोमधल्या (युरोपातल्या देशांची स्पर्धा) ग्रीसबद्दल राग राहत नाही. त्याआधी ग्रीसने कुठल्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही मॅच जिंकली नव्हती. ऑटो रेहागेल हा जर्मन कोच, त्याने टीमला शिस्तीत मागे उभं केलं आणि नॉकआउटच्या तिन्ही मॅच 1-0 ने काढल्या. फ्रान्सविरुद्ध खारिस्तेआसचा हेडर, चेक रिपब्लिकविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नरवर डेलासचा हेडर, आणि फायनलला लिस्बनमध्ये पोर्तुगालविरुद्ध 57 व्या मिनिटाला बसिनासचा कॉर्नर आणि परत खारिस्तेआस. तेव्हा कित्येकांनी नाकं मुरडली, अजूनही मुरडतात. पण फ्रान्सशी मोकळा खेळ खेळून ग्रीस जिंकलं असतं का? त्यांनी आपल्या ताकदीप्रमाणे सगळ्यात शहाणा मार्ग धरला, आणि ग्रीसला कधी जमलं नव्हतं ते करून दाखवलं, स्पर्धा जिंकली. 2022 च्या वर्ल्ड कपमधल्या मोरोक्कोचंही तसंच, सेमीफायनलपर्यंत त्यांच्यावर एकच गोल झाला आणि तोही त्यांच्याच डिफेंडर अग्वेर्दकडून कॅनडाविरुद्ध चुकून झालेला.

पण याच गणिताची दुसरी बाजू आहे आणि ती डिफेन्सवाल्यांना आवडत नाही. जी टीम भारी आहे, जिच्याकडे पैसा आहे, खेळाडू आहेत, ती एक गोल मारून मागे जाऊन बसते तेव्हा ती आपली वरचढ बाजू आपल्या हाताने सोडून देते. उरलेल्या वेळात कुणाला तरी लागून वळलेला एक बॉल, एक चुकीची शिट्टी, एक घसरलेला पाय, आणि सगळं पाण्यात. 1967 ची लिस्बनमधली युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) फायनल आठवा. हेलेनियो हेरेराची इंटर मिलान, 1964 आणि 1965 ची चॅम्पियन, कातेनाच्योची सगळ्यात नावाजलेली टीम. कातेनाच्यो म्हणजे दाराची कडी, डिफेन्सच्या मागे आणखी एक मोकळा माणूस ठेवायचा म्हणजे कुणी निसटलाच तर तो आवरेल. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल मिळाला आणि इंटर मागे बसली, समोर स्कॉटलंडचा क्लब सेल्टिक, ज्यातले सगळे ग्लासगोच्या आसपास जन्मलेले, त्यांनी पूर्ण मॅचभर अटॅक केला आणि 2-1 ने कप नेला. त्याच लिस्बन शहरात 2014 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला अ‍ॅटलेटिको माद्रिद गोडिनच्या हेडरने पुढे होती, स्टॉपेज टाइम सुरू झाला होता, आणि 93 व्या मिनिटाला रामोसने मॉड्रिचच्या कॉर्नरवर बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये रिआल माद्रिद 4-1 ने जिंकली. अ‍ॅटलेटिकोला मी दोष देणार नाही, त्यांचं बजेट रिआलच्या मानाने कितीतरी कमी होतं, त्यांना तो मार्ग बरोबर होता. पण ज्या श्रीमंत क्लबाचा फॅन स्टँडमध्ये ओरडतो की अरे पुढे जा, दुसरा गोल मारा, तो भाबडा नाहीये, त्याचं गणित बरोबर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रश्न "सेट-पीस की सौंदर्य" असा विचारूच नये. विचारायचं हे की सेट-पीस खेळाच्या वर जोडलाय की खेळाच्या जागी आणलाय. ओपन प्लेमध्ये चान्स तयार होतायत आणि वर कॉर्नरचे दहा-बारा गोल येतायत तर तक्रार कसली करायची. पण चालू खेळात काही सुचत नाही, बॉल नुसता आडवा फिरतोय, कॉर्नर मिळेपर्यंत वाट बघणं हाच प्लॅन आहे, तर फॅनची चिडचिड रास्त आहे, आणि ती टेबलमध्ये पहिला नंबर असला तरी रास्त आहे.

सुंदर खेळणाऱ्यांनीही कॉर्नरला कधी कमी लेखलं नाही हे आपण विसरतो. 2010 ची स्पेन, झावी, इनिएस्ता, पासिंगचं शिखर. वर्ल्ड कप सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध 73 व्या मिनिटापर्यंत एवढं पासिंग करून गोल नाही, मग झावीचा कॉर्नर आणि पुयोल हवेत झेपावत येऊन डोक्याने जाळ्यात. त्या स्पेनने सात मॅचमध्ये फक्त 8 गोल मारले आणि नॉकआउटच्या चारही मॅच 1-0 ने जिंकल्या, म्हणजे स्कोअर बघितला तर ग्रीस आणि त्यांच्यात फरकच नाही, बॉल पायाशी ठेवणं हाच त्यांचा डिफेन्स होता. 1998 ची वर्ल्ड कप फायनल घ्या. झिदान, ज्याच्या पायाची नजाकत सांगताना आजही लोक हरखून जातात, त्याने ब्राझीलविरुद्ध दोन गोल मारले, दोन्ही कॉर्नरवर, दोन्ही डोक्याने.

आणि ज्या मॅचला सौंदर्याचा पराभव म्हणतात, 1982 च्या वर्ल्ड कपमधली ब्राझील-इटली, बार्सिलोनाच्या सारिया स्टेडियममधली, तीही नीट बघा. झिको, सॉक्रेटिस, फल्काओ यांच्या ब्राझीलला ड्रॉ पुरेसा होता. फल्काओने 2-2 केलं तेव्हा ते पुढच्या फेरीत गेल्यात जमा होते. 74 व्या मिनिटाला इटलीचा कॉर्नर, तो नीट बाहेर काढला गेला नाही, तार्देल्लीचा शॉट आणि वाटेत पाओलो रोसी, त्याचा तिसरा गोल, 3-2. मला ती ब्राझील टीम अतिशय प्रिय आहे, पण तिला हरवलं ते कुठल्या गलिच्छ फुटबॉलने नाही. इटलीने त्या दिवशी तीन गोल मारले होते, आणि ब्राझीलने कॉर्नरनंतरचा सुटा बॉल सांभाळला नव्हता.

या भांडणाचं सगळ्यात पेटलेलं रूप मात्र अर्जेंटिनात बघायला मिळतं. तिथे दोन पंथच आहेत. सेसार लुईस मेनोत्ती, 1978 चा वर्ल्ड कप जिंकून देणारा कोच, म्हणायचा की खेळ लोकांसाठी आहे, जिंकणं महत्त्वाचं पण कसंही जिंकणं नाही. आणि कार्लोस बिलार्दो, 1986 चा कोच, पेशाने डॉक्टर, खेळाडू असताना एस्तुदियान्तेसच्या त्या टीममध्ये होता जिने ओस्वाल्दो सुबेल्दियाच्या हाताखाली ऑफसाइड ट्रॅप (डिफेन्सने एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवणं), कॉर्नर, फ्री किक रोज घोटून घोटून 1968 पासून सलग तीन वेळा कोपा लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) जिंकला. बिलार्दोच्या लेखी पहिला नंबर सोडून बाकी सगळं सारखंच. 1986 ची फायनल अर्जेंटिनाने 3-2 ने जिंकली, पहिला गोल फ्री किकवर ब्राऊनच्या डोक्याने, पण 2-0 नंतर जर्मनीने जे दोन गोल मारले ते दोन्ही कॉर्नरवर, आणि वर्ल्ड कप जिंकूनही बिलार्दोच्या डोक्यात ते दोन कॉर्नरच घोळत होते हा किस्सा तिकडे सगळ्यांना माहितीये. आता गंमत बघा, त्याच 1986 च्या वर्ल्ड कपमध्ये मॅराडोनाने अर्ध्या इंग्लंडला चकवून मारलेला तो गोल, फ्लेअरचा म्हणजे नजाकतीचा सगळ्यात मोठा पुरावा, तो याच बिलार्दोच्या टीममधला. मागचे सगळे कडक शिस्तीत उभे होते म्हणून एका माणसाला हवं ते करायची मोकळीक होती. चारच वर्षांनी, 1990 ला, तोच कोच तोच मॅराडोना, पण तो दुखापतींनी बेजार, आणि सात मॅचमध्ये 5 गोल मारून फायनल गाठली. शिस्त तीच राहिली, वरचं तेज गेलं, आणि तो वर्ल्ड कप लोकांना आजही नकोसा वाटतो.

1990 चा तो वर्ल्ड कप एकूणच इतका रटाळ झाला, मॅचमागे 2.21 गोल, वर्ल्ड कपच्या इतिहासात सगळ्यात कमी, की नियम बदलावे लागले. 1992 पासून टीममेटने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल कीपरला हातात घेता येईनासा झाला, 1994 च्या वर्ल्ड कपला जिंकल्याचे दोनऐवजी तीन पॉइंट झाले, आणि त्या वर्ल्ड कपला सरासरी 2.71 वर गेली. म्हणजे लोकांना कंटाळा आला हे नुसतं रडगाणं नसतं, त्याने खेळ सुधारतो. म्हणून "निकाल बघा, बाकी बोलू नका" हे मला मान्य नाही.

आजच्या फॅनची रास्त तक्रार कशावर असावी विचाराल तर माझ्या मते दोन गोष्टींवर. एक म्हणजे वेळ. 90 मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल खरोखर खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटं, आणि प्रत्येक लांब थ्रोच्या आधी टॉवेलने बॉल पुसत बसणं, कॉर्नरला डिफेंडर सावकाश चालत येणं, यात त्यातलीही मिनिटं जातात. कीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर, हा नियम 2025 ला आला तो चांगलाच आहे, तसाच सेकंदांचा हिशोब कॉर्नरलाही लावायला पाहिजे. दुसरी गोष्ट धराधरी. बऱ्याच जणांना माहीत नसतं की कॉर्नरची किक बसायच्या आधी बॉल खेळात नसतो, त्यामुळे तोपर्यंत कुणी कुणाला मिठी मारली, शर्ट ओढला, कीपरला अडवलं, तरी त्यावर पेनल्टी किंवा फ्री किक देताच येत नाही, रेफरी फार तर खेळ थांबवून समज देतो, कार्ड दाखवतो आणि कॉर्नर परत घ्यायला लावतो. टीम्स ही फट पुरेपूर वापरतात, अटॅक करणारेही आणि डिफेन्सवालेही. तिथे रेफरीने पहिल्याच कॉर्नरला दोन पिवळी कार्डं काढली, आणि पुढच्या कॉर्नरलाही काढली, तर महिन्याभरात बॉक्समधली कुस्ती थांबेल आणि जे उरेल त्यात धावण्याची वेळ, उडी, किकची अचूकता एवढंच असेल, जे बघायला कुणाचीच ना नसावी.